उतरलं म्हणजे झालं?

सांगली, रविवार

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "स्टारलायनर रिकामं उतरलं ना नीट? मग सुनीता विल्यम्सना नऊ महिने वर कशाला ठेवलं?" मला हे पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्टारलायनर म्हणजे सुनीता विल्यम्स आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला अंतराळ स्थानकावर नेणारं बोइंगचं यान. जून २०२४ मध्ये ते स्थानकाला जोडताना त्याचे २८ पैकी ५ थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडले. इंधन पुढे ढकलणाऱ्या हेलियम वायूची गळती होतीच. चार थ्रस्टर परत चालू झाले, पण ते बंद का पडले होते? आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये पंप आला की मिस्त्री आधी तो खोलतो. सील हातात घेतल्याशिवाय निदान सांगत नाही. इथं नेमकं तेच अशक्य. माणसं बसतात ती कुपी पुन्हा वापरायची असते, ती परत येते. थ्रस्टर मात्र मागच्या सर्व्हिस मॉड्यूलवर, आणि तो भाग परतताना वातावरणात जळतो. बिघडलेला भाग कधीच हाती येणार नाही. म्हणून न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सच्या चाचणी केंद्रात तसाच दुसरा थ्रस्टर उड्डाणातल्यासारखा चालवला आणि खोलला. आत टेफ्लॉनचं सील उष्णतेनं फुगून ऑक्सिडायझरची, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या रसायनाची, वाट अडवत होतं. मग वरचे थ्रस्टर पुन्हा चालू कसे झाले? त्याचा पुरता मेळ लागेना. अशा यानात दोन माणसं बसवायची?

आणि 'नीट उतरलं' याला मी पुरावा मानत नाही. अमेरिकेच्या जुन्या स्पेस शटल यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटं उड्डाणानंतर समुद्रातून आणून खोलत असत. जानेवारी १९८५ च्या थंडीतल्या उड्डाणानंतर बूस्टरच्या सांध्यातल्या दोन रबरी रिंगांमधलं ग्रीस काळं पडलेलं निघालं. गरम वायू पहिली रिंग ओलांडून गेला होता. रॉजर बॉइजोली या इंजिनिअरनं ते स्वतः पाहिलं. भाग हातात होता रे, दिनू! तरी उड्डाणं चालू राहिली, कारण यान दर खेपेला सुखरूप येत होतं. चॅलेंजर शटलच्या शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री तो आणि त्याचे सहकारी एवढ्या थंडीत उडवू नका म्हणून जीव तोडून सांगत होते. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात माणसं गेली. नंतर सांध्याची रचना बदलली, तिसरी रिंग आली, सांधा गरम ठेवायला हीटर आले. यातलं काय आधी करता आलं नसतं? अजून राग येतो मला.

म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये यान रिकामं आणलं, ते योग्यच केलं असं मी म्हणतो. तुझं म्हणणं अजून तेच असेल तर गणपतीला आलास की बोलू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास