टॉमी आजोबा, बिल आलंच नाही

टॉमी डग्लस आजोबांना शिरसाष्टांग नमस्कार,

इथे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात तुम्ही मुख्यमंत्री होतात, तरी लहानथोर सगळे तुम्हाला नुसतं टॉमी म्हणतात, मला ते काही जमत नाही. सोलापूरच्या घरात वाढलेय, आजोबांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारली असती तर आईने पाठीत धपाटा घातला असता. तुम्ही १९८६ सालीच गेलात, तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे कळतंय मला, पण आभार मानायचे राहिले की मला चैन पडत नाही, म्हणून लिहितेय.

झालं असं की या फेब्रुवारीत सकाळी माझा नवरा कचऱ्याचा डबा मागच्या गल्लीत ठेवायला गेला, उणे २८ होतं, वर भुसभुशीत बर्फ आणि खाली नुसती काच, जो घसरला तो उठलाच नाही. घोटा दोन ठिकाणी मोडला. ॲम्ब्युलन्स, एक्स-रे, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नर्सने एक कागदी पिशवी हातात दिली, त्यात त्याचा कात्रीने कापलेला बूट, पट्टा, घराची किल्ली. मी क्रेडिट कार्ड कधीचं काढून मुठीत धरलेलं, दोन दिवस मनात आकडेच चालू होते. विचारलं, पैसे कुठे भरायचे? तिने लिफ्टजवळचं मशीन दाखवलं. तिला वाटलं मी पार्किंगचं विचारतेय! म्हटलं नाही हो, ऑपरेशनचे. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हेल्थ कार्ड दाखवलंत ना, मग झालं की.

आजोबा, मी कारमध्ये बसून रडले. नवऱ्याला वाटलं त्याच्या पायासाठी रडतेय, तसंच वाटू दिलं.

मला आठवत होत्या त्या आईच्या पाटल्या. मी नववीत होते, बाबांना रात्री एका हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे आधी डिपॉझिट भरा म्हणाले. आईच्या पाटल्या हातातून निघेनात, तिने तिथल्या बेसिनवर साबण लावून लावून काढल्या आणि काकाच्या हातात दिल्या, काका स्कूटरवरून ओळखीच्या सराफाला उठवायला गेला. बाबा वाचले. पाटल्या काही परत आल्या नाहीत, पण तो विषय घरात कुणी काढत नाही.

तर हे सगळं मी शेजारच्या आजींना सांगितलं, त्यांचं अख्खं आयुष्य इथल्याच शेतावर गेलंय. त्या म्हणाल्या, मला कसले थँक्यू म्हणतेस, टॉमीला म्हण. कोण टॉमी? खरं सांगते, मला माहीत नव्हतं. प्रांताच्या राजधानीत, रिजायनात राहून तीन वर्षं झाली होती, विधानभवनासमोर वास्काना तळ्याकाठी रोज फिरायला जाते, आणि त्या इमारतीत १७ वर्षं कोण मुख्यमंत्री होतं ते ठाऊक नाही. इथे प्रीमियर म्हणतात, पण काम तेच. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि नवऱ्याचा पाय उशीवर असताना रात्री वाचत बसले.

आणि निघालं काय, तर तुमचीही गोष्ट पायापासूनच सुरू होते. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कचा मुलगा, गुडघ्याला लागलं, हाडाला इन्फेक्शन, घरचे कॅनडात विनिपेगला आले तरी पाय काही बरा होईना, शेवटी डॉक्टर म्हणाले कापावा लागेल. आईवडलांकडे पैसे नाहीत. एका मोठ्या सर्जनने बघितलं आणि म्हणाला मी फुकट करतो, फक्त माझ्या विद्यार्थ्यांना बघू द्या. पाय वाचला. दुसरा कुणी असता तर जन्मभर त्या सर्जनचा फोटो भिंतीला लावून हात जोडले असते. तुम्ही मोठेपणी उलटा विचार केलात, की त्या दिवशी तो माणूस वॉर्डात आला नसता तर? पोराचा पाय आईबापाच्या खिशावर आणि नशिबावर का म्हणून ठेवायचा?

बाकी तुमचं आयुष्य म्हणजे विचारू नका. छापखान्यात शिकाऊ कामगार, १९२२ मध्ये मॅनिटोबाचे लाइटवेट बॉक्सिंग चॅम्पियन (त्या वाचवलेल्या पायावर!), मग इथल्याच वेबर्न गावात बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. साल १९३०. म्हणजे मंदी आणि दुष्काळ दोन्ही एकदम, मातीची वादळं, पीक नाही. दुष्काळाचं मला कुणी सांगायला नको, मी सोलापूरची. तिथे तुम्ही अशा तरुण बापांचे अंत्यविधी केलेत जे केवळ जवळ डॉक्टर नाही आणि गाठीला पैसा नाही म्हणून गेले. मला वाटतं तुमचं राजकारण तिथे सुरू झालं. पहिल्या प्रांतिक निवडणुकीत १९३४ ला पडलात, पुढच्याच वर्षी ओटावाच्या संसदेत गेलात, आणि १९४४ ला परत येऊन इथे ५२ पैकी ४७ जागा! उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी सरकार.

आरोग्य खातं तुम्ही स्वतःकडे ठेवलंत. १ जानेवारी १९४७ पासून हॉस्पिटलचा विमा, माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०. डॉक्टरांच्या फीचं मात्र लगेच नाही काढलंत, आधी तिजोरी सावरली, शेतांवर वीज नेली, सरकारी मोटार विमा आणला, एकामागून एक चार निवडणुका जिंकल्यात आणि मग १९६० ची निवडणूक त्याच मुद्द्यावर लढलात. हा धीर मला सगळ्यात आवडला. आमच्याकडे घोषणा आधी होते आणि पैसे कुठून आणायचे ते नंतर बघतात.

आणि मग १९६१ मध्ये नव्या पक्षाचं देशपातळीवरचं नेतेपद घ्यायला तुम्ही गेलात. रागावू नका, पण पुढचं निस्तरलं ते तुमच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या वुड्रो लॉइड यांनी. १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीची योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. मी जिथे फिरायला जाते त्याच हिरवळीवर योजनेच्या विरोधात लोक जमले होते. लॉइड मागे हटले नाहीत आणि १९६४ ला सत्ता गमावून बसले, म्हणून अर्धे आभार त्यांना, तुमची हरकत नसावी. तुम्हाला तरी कुठे सोडलं, संपाच्या आदल्याच महिन्यात याच रिजायनाने तुम्हाला संसदेच्या निवडणुकीत पाडलं. ज्या गावात आज माझ्या नवऱ्याचा पाय फुकट जोडला त्या गावाने! दहा वर्षांत तीच योजना सगळ्या प्रांतांत गेली आणि २००४ मध्ये टीव्हीवर मतदान घेतलं तर देशातला सर्वांत थोर माणूस म्हणून लोकांनी तुम्हालाच निवडलं. हॉकीवाला ग्रेट्झ्कीसुद्धा मागे.

एक गोष्ट मात्र खटकली, आभाराच्या पत्रात लिहू नये पण लिहिते. १९३३ चा तुमचा तो एमएचा प्रबंध, अमुक लोकांना मुलं होऊच देऊ नयेत वगैरे. वाचून दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं. नंतर तुम्ही तो विचार सोडलात, मुख्यमंत्री झाल्यावर तसा सल्ला पुढे आला तेव्हा तो नाकारलात, हे वाचलं तेव्हा परत हातात घेतलं.

आणि आता गाऱ्हाणी पण ऐका, आजोबा म्हटलंय ना. ॲम्ब्युलन्सचं बिल आलं बरं का, पोस्टाने. तुमच्या सरकारने १९४६ साली विमानाची ॲम्ब्युलन्स सुरू केली होती आणि आम्हाला तीन-चार किलोमीटरचे पैसे पडले. औषधं खिशातून. दात तर विचारूच नका, इथे दात दुखला की सोलापूरचं तिकीट स्वस्त वाटतं. मागच्या हिवाळ्यात मुलाचा कान दुखत होता तेव्हा इमर्जन्सीत सात तास बसलो, तो माझ्या मांडीवर झोपला आणि माझा पाय मुंग्या येऊन बधिर. आई इथे आली की तिचा वेगळा विमा काढावा लागतो, पाहुणी ना ती. सात तास बसले तेव्हा मीही तावातावाने बोलले होते. पण त्या सात तासांत पर्सला हात लावला नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. एकच प्रश्न विचारला तिने, मग पैसे देतं कोण? म्हटलं टॅक्समधून, सगळे मिळून. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, बरं माणूस होता म्हणायचा.

नवरा आता काठीशिवाय चालतो. बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले की वेबर्नला जायचं ठरवलंय, इथून तासाभराचा रस्ता, तुमचा पुतळा आहे तिथे. शेजारच्या आजींनाही नेतोय. त्या म्हणतात डबा मी आणते, मी म्हणते दपाट्या माझ्याकडे.

तुमची,
रिजायनामधली एक सोलापूरकर