सत्कार झाला, मैदानाचं काय?

मा. संपादक,

आमच्या तालुक्यातला मुलगा नौदलात सबलेफ्टनंट झाल्याची बातमी आपण फोटोसह छापली, आनंद वाटला. बापाची कोरडवाहू शेती, ऑनलाइन क्लास, पहाटेचा अभ्यास, सगळं त्यात आलं. तो इंजिनीअरिंगची चारही वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघात राइट हाफ (मधल्या फळीत उजवीकडे) खेळला, याची मात्र एक ओळ नाही. मी त्या कॉलेजचा निवृत्त क्रीडाशिक्षक, म्हणून मला टोचलं असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे नागपूरजवळच्या कामठीचा खेळ. खेड्यातले पोट्टे कबड्डी खेळतात, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. त्यात मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला चिखलाचा लोंदा, उन्हाळ्यात घोटा अडकेल एवढ्या भेगा. गोलपोस्ट आम्ही नळाच्या पाइपांचे वेल्डरकडून करून घेतले, मैदान आखायची फक्की मुलंच मारायची. अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना एसटीनं जायचो. त्याचे वडील एकदा म्हणाले होते, ‘सर, बॉल लाथाडून नोकरी लागते काय?’

नुसता बॉल लाथाडून नाहीच लागत. पण भोपाळला एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळात, पाच दिवस मुलांना पारखतात, तिथे काय होतं? अनोळखी मुलांच्या गटाला फळी, दोर आणि ड्रम देऊन अडथळ्यापलीकडे जायला सांगतात. जो तो ओरडत सुटतो. आमचा राइट हाफ आधी सगळं बघून घेणारा, मग मोजकं बोलणारा, आणि दोराचं टोक बिनदिक्कत दुसऱ्याच्या हाती देणारा. ही सवय क्लासच्या नोट्समधून येत नाही. 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत धावण्याची तयारी करून या, असं उमेदवारांना आधीच कळवतात. आमची मुलं तेवढं वॉर्मअपलाच पळत. (अभ्यास त्याचा त्यानं केला, ते श्रेय मी घेत नाही. पोहायलाही तो घरच्या विहिरीतच शिकला.)

आता मुलीही विचारायला येतात. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) 2022 पासून त्यांना प्रवेश आहे, 17 जणींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. तिथून नौदलात जायला बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं, एवढं मी सांगतो. पळायचा सराव कुठे करायचा, ते काय सांगू?

कारण केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीतून आमचा राइट हाफ गावी आला तेव्हा त्याचा सत्कार याच मैदानावर झाला. मंडपाच्या खांबांसाठी थेट सेंटर सर्कलमध्ये खड्डे खणले, ते तसेच आहेत. कमानीसाठी एक गोलपोस्ट उपटला, तो पुन्हा लागलाच नाही. तीन-चार ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवला तरी काम होईल, आणि शाली-हारांपेक्षा स्वस्तात होईल. सत्कार समितीनं निदान खड्डे तरी पावसाआधी बुजवावेत. नंतर त्या मातीत ट्रॉली शिरत नाही.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. यवतमाळ