दिवाळीचा रंग फाल्गुनात मारा, आणि स्वतः मारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्र जवळ आलं की पेपरात रंगाच्या जाहिराती सुरू होतात आणि नाशकातले सगळे पेंटर एकदम बिझी होऊन जातात, फोन केला तर "ताई उद्या येतो" आणि तो उद्या काही उजाडत नाही. मग लोकं वैतागून स्वतःच रोलर घेऊन येतात. स्वतः मारायला माझा फुल सपोर्ट आहे, एका खोलीपुरतं ते काही फार अवघड नाहीये, पण मुळात ही वेळच चुकीची आहे एवढं सांगायला हे पत्र.

बघा, आपल्याकडे पाऊस त्र्यंबकसारखा धो धो नसला तरी रिपरिप चालूच असते, वारं पश्चिमेकडचं, त्यामुळे पश्चिमेची नि दक्षिणेची भिंत बाहेरून भिजत राहते. दसऱ्याला हात लावला तर कोरडी वाटते पण वीट आणि प्लास्टर आतून ओलंच असतं, त्यात परतीचा पाऊस एखादा तडाखा देऊन जातो. हे आतलं पाणी बाहेर येताना विटेतले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठत राहतात, आपण म्हणतो ना भिंतीला लोणा लागला, तो हाच. त्याच्यावर कितीही महागाचं प्लास्टिक इमल्शन मारा, संक्रांतीपर्यंत फुगे येऊन पोपडे पडायला लागतात. आमच्या शेजारी हॉलची एक भिंत दर दिवाळीला नवी कोरी होते आणि दर जानेवारीत सोफा सरकवून झाकली जाते.

पेंटरचाही दोष नाही हो. काम उक्तं घेतलेलं, पुढची घरं दिवाळीच्या आत उरकायची, तो तुमची भिंत वाळायची वाट कशाला बघत बसेल? स्वतः करण्यातला खरा फायदा इथे आहे. मजुरी वाचते ते ठीकच, पण आपल्याला थांबता येतं. प्लास्टिकच्या पिशवीचा हातभर तुकडा कापून भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा, आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत काळपट दिसली तर अजून ओल आहे, डबा उघडू नका. आणि पाणी गच्चीतून, छज्ज्यातून की बाथरूमच्या पाइपातून येतंय ते आधी शोधून बंद करा, नाहीतर पुट्टीवर पुट्टी चढवत बसाल.

डिसेंबर-जानेवारी म्हणाल तर भिंती वाळायला छान, पण पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि तेवढ्या गारठ्यात पाण्यातला रंग नीट धरत नाही. म्हणून महाशिवरात्र ते पाडवा हा आपल्या नाशिकसाठी बेस्ट टाइम. हवा कोरडी, ऊन बेताचं, खिडक्या दिवसभर उघड्या टाकता येतात, आणि लवकर हात घातलात तर रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायच्या आधी घरातला रंग आटपलेला असतो.

मारताना घाई करायची ती फक्त एकाच ठिकाणी. ब्रशने कडा काढल्या की त्या ओल्या असतानाच रोलर फिरवायचा आणि एक भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये चहाला न थांबता संपवायची, नाहीतर जोड दिसतो आणि संध्याकाळी ट्यूब लावली की तो पट्टा डोळ्यात खुपतो. बाकी सगळं सावकाश. तळहात फिरवून पांढरी भुकटी लागली तर जुनं डिस्टेंपर किंवा चुना आहे, तो पत्र्याने खरवडल्याशिवाय वर काहीच टिकत नाही. मग पुट्टी, पॉलिश पेपर, ओल्या फडक्याने धूळ पुसणं, प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेले तास जाऊ द्यायचे. हिशोब सोपा आहे, दहा बाय दहाची खोली आणि साडेनऊ फूट उंची म्हणजे चार भिंतींचे ३८० चौरस फूट, दार-खिडकीचे चाळीस वजा करा, राहिले ३४०. एका लिटरमध्ये किती फूट होतात ते डब्यावर असतंच, पण तो आकडा एका हाताचा आहे का दोन हातांचा ते बघून घ्या, तिथेच सगळे फसतात. शेड मशीनवर बनवून घेणार असाल तर लागेल तेवढा एकदमच घ्या, नंतर आणलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो.

पंचवटी, भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यांत चुन्याचं प्लास्टर असतं, तिथे मात्र प्लास्टिक पेंट नकोच. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, ती कोंडली की प्लास्टरच सुटतं. तिथे आपली जुनी पद्धतच बरी, भिजवून गाळलेला चुना, चिमूटभर नीळ आणि डिंक.

अजून एक, आणि हे सिरियसली घ्या. जुनी दारं, चौकटी, ग्रिल यांच्यावरचा ऑइल पेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांची काय गॅरंटी? ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घासायचंच असेल तर पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क लावा, पोरांना आणि गरोदर बाईला मामाकडे धाडा, आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

उरलेला रंग बेसिनमध्ये किंवा गटारीत ओतू नका, नाल्यातून तो शेवटी गोदावरीतच जातो. थोडा रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून, वर शेड नंबर लिहून ठेवा, खिळ्याची भोकं बुजवायला कामाला येतो. डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, घनकचरा नियमांत रंगाचे रिकामे डबे वेगळ्या कचऱ्यात धरलेत, ते घंटागाडीवाल्याला वेगळे द्या.

तुम्हाला एकच विनंती, घर सजावटीची पुरवणी दिवाळीला काढता तशीच एक फेब्रुवारीतही काढा की. जाहिराती तेव्हाही मिळतील.

आपली एक वाचक,
सिडको, नाशिक