आजीचं कार्ड आणि माझे पंधराशे

सोलापूर

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की बायकांना फुकट पैसे वाटून सरकारनं तिजोरी रिकामी केली. माझ्या पुढ्यात ओव्हरलॉकचं शिवणकाम पडलं होतं, म्हणून 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. बोलताना तू मधेच तोडतोस. कागदावर तरी शेवटपर्यंत ऐकून घेशील.

लाडक्या बहिणीचे पंधराशे मी घेते, आणि लाजत नाही. एसटीचं अर्धं तिकीटही काढते. २०२३ च्या मार्चपासून तुझी मावशी दर दोन महिन्यांनी येते, त्याआधी दिवाळीलाच दिसायची. पण हा पैसा माझा हक्काचा आहे असं मला कधी वाटलं नाही. २०२५ ला केवायसी करायला लावली, तर त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागत होते. पलीकडच्या काकू विधवा, वडील कधीच गेलेले. पुढे त्यांच्यासारख्यांची सोय केली म्हणे, पण तोवर काकूंनी सेतूत हेलपाटे घातलेच ना. पैसे बहिणीचे आणि सही-शिक्का भावोजींचा, अशातली गत. तुझ्या आजीला तर ते मिळतच नाहीत, पासष्टच्या पुढं गेली.

पण आजीकडं जे आहे ते माझ्याकडं नाही, आणि मला तेच तुला सांगायचंय.

तुला आठवत असेल, आजी ओल्या गोणपाटात तेंदूची पानं गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. दुपारी माल घेऊन कारखान्यात रांग. तिथला तपासणारा मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. घरी आली की त्याच्या नावानं बोटं मोडायची.

विडीचे मालक म्हणायचे, या बायका घरी बसून विड्या वळतात, त्या आमच्या कामगार कशा? १९६६ च्या विडी कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार धरलं. पीएफवरून मात्र भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८५ ला कोर्टानं सांगितलं की माल घरी नेऊन वळणाऱ्या घरखेपी बायकांनाही पीएफ लागू आहे. कोर्टानं काय पाहिलं? कच्चा माल मालक देतो, आणि विडी पसंत नसली तर नाकारायचा अधिकारही त्याचाच, म्हणजे कामावर ताबा त्याचाच. युनियनच्या सभेतून आजी हे ऐकून आली तेव्हा कितीतरी वेळ हसत होती. ज्या छाटीपायी रडायची, तिच्याच जोरावर पीएफ!

त्या पीएफमधून तुझ्या आत्याचं लग्न झालं. आजीच्या विडी कामगार कार्डासारख्या कार्डाच्या जोरावर सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत हजारो विडीवाल्या बायकांना घरं मिळाली. आडम मास्तरांच्या युनियननं किती मोर्चे काढले त्यासाठी, तुला काय माहीत. पेन्शन मात्र महिना हजार. २०१४ ला किमान हजार ठरवली ती तिथंच. त्यात आजीच्या गोळ्याही येत नाहीत. तरी ती आजीची आहे, त्यासाठी तिला कुणाची बहीण व्हावं लागलं नाही.

आता माझं बघ. गणवेशाचा कापलेला माल मालकाकडून येतो. कॉलर वाकडी गेली, काज चुकलं, तर तो नग परत, मजुरी नाही. वीज माझी, मशीन माझं, सुई मोडली तर तीही माझीच. आजीच्या खोलीतच बसते मी, तिच्याच खिडकीपाशी. फरक एवढाच की तिच्या कार्डावर कारखान्याचं नाव होतं आणि माझा हिशेब मालकाच्या खिशातल्या वहीत असतो, पेन्सिलीनं. सरकारचं ई-श्रम कार्ड काढलंय, असंघटित कामगारांचं. ते माझ्याकडंच असतं, मालकाशी त्याचा काही संबंध नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात घरी काम करणारीची व्याख्या आहे म्हणतात. व्याख्येनं आमच्या मालकाची वही बदललेली नाही.

सरकारला आमची आठवण येते तीही कशी. २०२४ ला ठरवलं, शाळेचे गणवेश बचत गटांच्या बायका शिवतील. कल्पना वाईट नव्हती. पण कापड वेळेत येईना, मापं जुळेनात, शाळा सुरू होऊन महिने गेले तरी पोरं जुन्याच कपड्यात. डिसेंबरात निर्णय फिरवला. बोल लागला तो बायकांना, वेळेत शिवता येत नाही म्हणून.

तेव्हा फुकट फुकट म्हणू नकोस. पंधराशे बंद करा म्हणायचं असेल तर आधी मजुरीची चिठ्ठी द्या म्हण. गल्लीतल्या आम्ही सगळ्या मिळून मालकाकडं तेवढंच मागणार आहोत: प्रत्येकीला छापील पुस्तक, त्यात नग, तारीख, त्याची सही. तुझे बाबा म्हणतात, काम काढून घेईल. घेईलही. बघू.

आणि एक काम. नोव्हेंबरात आजीचा हयातीचा दाखला द्यायचाय. आयुष्यभर विड्या वळून बोटांच्या रेषा गेल्यात, मशीन अंगठा घेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं म्हणे. माझ्या फोनचा कॅमेरा गेलाय, तुझा फोन घेऊन शनिवारी ये. रविवार नको, रविवारी माल पोचवायचा असतो.

तुझी,
आई