हंगेरी राहू द्या, आमचं रजिस्टर बघा

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला हुकूमशाहीच्या खाणाखुणांचा लेख वाचला. सोमवारी वाचला, कारण रविवारी एसटीचा कंडक्टर गठ्ठा उतरवायला विसरला. लेखक विद्वान आहेत. ३० जानेवारी १९३३ ला जर्मनीचा चॅन्सेलर झालेल्या हिटलरने २३ मार्चला संसदेकडूनच सगळे अधिकार कसे लिहून घेतले, हे त्यांनी छान सांगितलंय. हंगेरीलाही जाऊन आलेत. दारव्हा तालुका तेवढा वाटेत लागला नसावा.

१५ ऑगस्टच्या आमच्या ग्रामसभेला झेंडावंदनानंतर पस्तीस टाळकी उरली. बाकीचे बुंदीचा पुडा घेऊन निंदणाला गेले. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे पुढाऱ्यांना तोंडपाठ. ती चार दिवसांनी भरली. मी उठून म्हटलं, मागचं इतिवृत्त वाचून दाखवा. माइक बंद! "लाईन गेली गुरुजी." डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन घरी. "सही करा ना गुरुजी, काहून डोकं लावता?" वरच्याच ओळीत आमच्या सौभाग्यवतींची सही. त्या आषाढापासून लेकीकडे पुण्याला आहेत. आडनावातला 'ळ' मात्र मी ओळखला. तो तसा गाठ मारून काढायला त्या पोराला चौथीत मीच शिकवलं होतं. मी सही केली नाही. तेव्हापासून घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यासाठी पाच चकरा झाल्या. साहेब मीटिंगला असतात.

२५ जून १९७५ ला, आणीबाणी लागली त्या रात्री, दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची अशीच 'लाईन गेली' होती. पुढे सेन्सॉर आला तेव्हा काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आपल्या रविवारच्या अंकात मात्र अख्खं पहिलं पान एका नेत्याच्या वाढदिवसाला, आणि हुकूमशाहीचा धोका आत पुरवणीत! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. जाहिरात विभागाला कळवावे. त्या पानापायी तालुकावार पावसाचे आकडेही गायब होते, ते आम्ही कुठे बघायचे?

पत्र लांबलं असेल तर जर्मनी खुशाल कापा. पंखा तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ