आई, बाळंतपणाला तू माझ्यामागे बस

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई, तू म्हणालीस, "पैसे लागले तर लागू देत, सिझर करून मोकळी हो, कळा कशाला सोसायच्या?" बाबांनी मागून "चांगला दिवस बघून ठेवतो" म्हटलेलंही मी ऐकलं. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र. बाबा, तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवा, मध्ये काही गाळू नका.

माझी तब्येत चांगली आहे. सातवा लागलाय, रक्त भरपूर आहे, बीपी नॉर्मल आहे. सिझरची खरंच गरज पडली तर सही करायला मी एक मिनिट घालवणार नाही. पण गरज नसताना नको. मला सोलापुरातच, मी काम करते त्याच दवाखान्यात, उकिडवं बसून बाळंत व्हायचंय. आणि मला मागून धरायला तू हवीस.

हे ऐकून तुला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. आजीचं सुईणपण तू कुणाला कधी सांगितलं नाहीस, आणि त्याचं कारणही खरं आहे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा आणि आपल्या मातंग वस्तीतून आजीला घेऊन जायचा. त्यांचं लेकरू पहिल्यांदा तिच्या हातात यायचं, नाळ ती कापायची, वार ती पुरायची. पाचवी पुजून झाली की त्याच घरात तिला ओसरीखाली बसवायचे, पाणी वरून ओतायचे. वर पायलीभर ज्वारी आणि एक जुनेर. तो काळ मला परत नकोय. पण आजीच्या हातात जे होतं ते त्या ओसरीवाल्यांचं नव्हतं, आपलं होतं. ते मला हवंय.

तू तिच्याबरोबर जायचीस ना? बाईच्या मागे बसून काखेतून हात घालून तिला तू धरायचीस, आणि पुढे आजी. कळ आली की बाईने खाली बसायचं, गेली की उठून चालायचं, मध्ये गरम पाणी प्यायचं. नाळेतली धडधड थांबल्याशिवाय आजी तिला हात लावायची नाही, हे तूच मला सांगितलंयस. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात हेच आहे, आई. उताणं झोपलं की पोटाचा भार पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर येतो. बसलं की कमरेची हाडं खालून जास्त उघडतात आणि बाळाचं वजनही मदतीला येतं. नाळ निदान एक मिनिट तरी कापू नये, असं आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्यात बाळाला जास्तीचं रक्त मिळतं.

आमच्या वॉर्डातली एक गोष्ट सांगते. मोहोळकडून पारध्यांची एक पोर आली होती, पहिलटकरीण. टेबलावर चढायलाच तयार नव्हती. आम्ही मराठीत "जोर लाव, जोर लाव" ओरडतोय आणि ती नुसती थरथरतेय. ज्यांना इंग्रज सरकारने कायदा करून जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यातली ती. सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल बाबा सांगायचे, तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवायचे आणि रोज हजेरी घ्यायचे. तो कायदा 1952 साली देशभर उठला, पण खाकी कपडा किंवा सरकारी इमारत दिसली की त्या बायका अजूनही आक्रसतात. ड्युटीवरच्या मॅडम समजूतदार. म्हणाल्या, सासूला आत घ्या. आम्ही खाली गादी टाकली, वर रबरी शीट. सासू तिच्यामागे बसली, काखेतून हात घातले आणि त्यांच्या बोलीत कानाशी सारखं काहीतरी बोलत राहिली. मी गुडघ्यावर बसून दर कळेनंतर बाळाचे ठोके ऐकत होते. बाळ आलं, मी त्या पोरीच्या मांडीत, रक्त जास्त जाऊ नये म्हणून देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, नाळेची वाट बघितली. टाका एकही पडला नाही. सगळ्या वेळात मला तूच दिसत होतीस.

आपल्या सोलापुरात तर एका रात्रीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी, सगळ्या भाषांत बायका कण्हतात. जिवावर बेतलेलं असताना बाईला आपल्या भाषेतलं माणूस जवळ लागतं. हे दुसरीकडच्या आदिवासी बायकांना मिळालंय. पेरू देशात आयाकुचोच्या डोंगराळ भागात क्वेचुआ बायका दवाखान्यात जायच्याच नाहीत. मग तिथल्या दवाखान्याने त्यांनाच विचारून खोलीत दोर टांगला, बाक ठेवला, घरच्यांना आणि गावच्या सुईणीला आत घेतलं, क्वेचुआ बोलायला सुरुवात केली. 1999 साली तिथे 100 पैकी 6 बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2007 मध्ये 83. कॅनडाच्या पार उत्तरेला इन्युइट बायकांना दिवस भरायच्या कितीतरी आधी विमानाने दूरच्या शहरात नेऊन एकटं ठेवायचे. त्यांनी 1986 साली पुविर्निटुक गावात स्वतःचं प्रसूतिकेंद्र सुरू करून घेतलं आणि आपल्याच बायका तिथे शिकवून तयार केल्या. अवघड केस विमानाने मोठ्या दवाखान्यात आजही जाते. हे मी वाचलं तेव्हा आजीचं नाव घेऊन रडले.

आता कडू तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील पोरगी भुलली. बैलगाडीत रक्त वाहून गेलेली ती बाई तू विसरली नाहीस, मीही विसरणार नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही तर दोन तासांतही बाई जाऊ शकते, आणि तिथे आजीचे हात पुरे पडत नव्हते. तिथे इंजेक्शन लागतं, रक्तपेढी लागते, ऑपरेशन थिएटर लागतं. पहिला चीक ती काढून टाकायला लावायची, तेही चूकच होतं. म्हणून घरी बाळंत होणार नाही, दवाखान्यातच होणार.

आणि हे मी काही जगावेगळं मागत नाहीये. 2017 पासून सरकारी दवाखान्यांतली बाळंतपणाची सोय सुधारायला सरकारनेच काढलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीची बाई असावी, असं आहे. कागदावरचं वॉर्डात उतरवायला कुणीतरी सुरुवात करावी लागते. 2018 मध्ये सरकारने मिडवाइफचा, म्हणजे शिकलेल्या सुईणीचा, 18 महिन्यांचा कोर्सही आणला. बाळ जरा मोठं झालं की मला तो करायचाय. सरकारी सर्टिफिकेटवाली सुईण, आजीची नात. बाबा, तेव्हा बाळाला सांभाळायला तुम्ही दोघं लागाल, आत्ताच सांगून ठेवते.

नववा लागला की दोघं या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तुझी हौस आहे, पण या वेळी माहेरच इकडे येऊ दे. येताना जुनी मऊ लुगडी, बाळंतशेपा, अळीव आण. शेगडी आणि कोळसा आणू नकोस, बंद खोलीतला धूर बाळाला चालत नाही. मध तर अजिबात नको. दिवस काढायचाय तो बाबांनी बारशाचा काढावा. तुझे गुडघे दुखतात, उकिडवं बसणं व्हायचं नाही, म्हणून मी एक बुटकं स्टूल बघून ठेवलंय. मॅडमनी हो म्हटलंय, फक्त पाससाठी तुझं आधार कार्ड लागेल. ते कपाटात लुगड्यांच्या घडीखाली आहे, बाबांना काढून ठेवायला सांग.

तुमची लेक