देश ठरवण्याआधी अभ्यासक्रमाचा कोड बघा

संपादक महोदय,

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरात परदेशी शिक्षणाचे मेळावे भरले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मुलाला बिझनेस करायचंय, कोणता देश चांगला?’ सल्लागाराचे उत्तर तयार असते आणि अर्जही त्याच टेबलावर भरून घेतला जातो. खरे तर देश सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी हातातली पदवी, मग अभ्यासक्रमाचा नेमका प्रकार, मग पैसा.

नुकतेच बीकॉम, बीबीए झालेल्यांनी एमबीएच्या मागे लागू नये. नावाजलेल्या संस्था त्यासाठी साधारण तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव धरतात. अनुभव न विचारता एमबीएला घेणारी संस्था दिसली की जरा सावध व्हावे. नवख्यांसाठी एमएस्सी मॅनेजमेंट, फायनान्स, बिझनेस अॅनालिटिक्स असे पर्याय आहेत.

अमेरिकेत पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातला असेल तर आणखी २४ महिने. ते अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवरून ठरते. सर्वसाधारण एमबीएचा कोड ५२.०२०१, तो स्टेममध्ये बसत नाही; मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ बसतो. दोन विद्यापीठांत अभ्यासक्रमाचे नाव एकच आणि कोड वेगळे, असेही होते. हा कोड व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदाच्या पहिल्याच पानावर छापलेला असतो, पण तो कागद हाती येईपर्यंत डिपॉझिट भरून झालेले असते. म्हणून अर्ज करतानाच प्रवेश कार्यालयाला ईमेल करून कोड लेखी मागवावा.

कॅनडाची गोम वेगळी. तिथल्या कॉलेजांचा बिझनेस मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा आपल्याकडे अजून खपवला जातो. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटला अर्ज करणाऱ्यांना अशा डिप्लोमावर पुढचे वर्क परमिट ठरावीक क्षेत्रांतच मिळते, आणि त्या यादीत बिझनेस मॅनेजमेंट नाही. विद्यापीठाच्या मास्टर्सला ही क्षेत्राची अट नाही.

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात होते, हे आकर्षण खरे. पण त्यानंतरचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट रूट (शिक्षणानंतर तिथे काम करण्याचा व्हिसा) १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचाच आहे. सप्टेंबर २०२६ ला जाणारा विद्यार्थी दीड वर्षातच मोडतो. पुढे नोकरीचा व्हिसा हवा तर नवख्यालाही वर्षाला किमान ३३,४०० पौंड पगार लागतो. विद्यार्थी व्हिसा अनेकदा अडतो तो बँकेच्या स्टेटमेंटवर. लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च, शिवाय उरलेली फी, एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जातो. खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे, काका-मामांचे चालत नाही. शेअर्स, भविष्यनिर्वाह निधी धरत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवींवर विसंबू नये, पैसे वेळेत बँकेत आणावेत.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांची नावे मेळाव्यात फारशी ऐकू येत नाहीत, कारण ती सल्लागारांना कमिशन देत नाहीत. बहुतेक राज्यांत तिथे फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये सत्राला १,५०० युरो आहे. मात्र फुकट शिक्षण हे पदवीच्याच विषयाला जोडून केलेल्या मास्टर्सपुरते, एमबीएला सरकारी विद्यापीठही फी घेते. अशा मास्टर्सला पदवीत अर्थशास्त्र, अकाउंट्स, सांख्यिकीची ठरावीक क्रेडिट्स लागतात, त्यामुळे इंजिनिअरची दाळ तिथे सहसा शिजत नाही. बीकॉमवाल्यांनीही विषयवार क्रेडिट्स जुळवूनच अर्ज करावा. भारतीय पदवी तपासून दिल्या जाणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राला १८,००० रुपये आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो धरावेत. शिक्षण इंग्रजीतून झाले तरी नोकरीसाठी जर्मन आलेच.

कर्जाचे गणित मांडताना परदेशातला पगार धरू नये. ४० लाख, ११ टक्के, १० वर्षे म्हणजे महिना सुमारे ५५ हजारांचा हप्ता. शिकताना साठणारे व्याज वेगळे. मूल परत आले आणि इथेच नोकरी लागली तर हा हप्ता झेपेल का? मोठ्या कर्जाला तारण लागते आणि निफाड-दिंडोरीकडची कुटुंबे नेमकी इथे अडकतात. द्राक्षबाग कितीही मोलाची असो, शेतजमीन बँका या कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, कारण सरफेसी या बँकांच्या थकबाकी-वसुलीच्या कायद्याखाली तिच्यावर वसुली करता येत नाही. बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट लागतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नुसता नमुना ८ चा उतारा पुरेलच असे नाही. उताऱ्यावर भावांची सामाईक नावे असतील तर सगळ्यांच्या सह्या आल्या. सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि मूल्यांकनाला वेळ जातो. हे सगळे ऑफर लेटर आल्यावर सुरू केले की सप्टेंबरचा प्रवेश हुकलाच म्हणायचा. घरचे पैसे पाठवायचे तर वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर नाही.

शहरातल्या महाविद्यालयांना एक विनंती. आपल्या सभागृहात मेळावा भरवू देताना, कोणकोणत्या विद्यापीठांकडून कमिशन मिळते याची यादी प्रत्येक सल्लागाराला टेबलावर लावायला सांगावी. जो लावणार नाही, त्याला टेबल देऊ नये.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक